माझ्या लॅपटॉपमधली पापलेटं

पालघरच्या कॉलेजात मी प्राणिशास्त्र शिकवते. उत्क्रांतीचं प्रकरण दरवर्षी दुसऱ्या सत्रात येतं, आणि चौदा वर्षं मी ते एकाच वहीतून, एकाच आवाजात शिकवत आले. लाखो वर्षांचा मामला तीन तासिकांत आटपायचा म्हणजे भरभर बोलावं लागतं, आणि भरभर बोललं की मुलं शंका विचारत नाहीत. ते बरंच होतं. कारण उत्क्रांती घडताना मी स्वतः कधी पाहिली नव्हती. इतरांनी पाहिली आहे, असं वाचलं होतं.

दोन वर्षांपूर्वी कॉलेजच्या मूल्यांकनासाठी समिती येणार असल्याचं कळलं, आणि प्राचार्यांनी सूचना काढली की प्रत्येक विभागाने एक तरी डिजिटल उपक्रम दाखवावा. आमच्या विभागाकडे दाखवण्यासारख्या गोष्टी होत्या त्या फॉर्मॅलिनच्या बाटल्यांत होत्या. शिवाय एक सांगाडा, ज्याच्या डाव्या हाताची बोटं कोणीतरी घरी नेली होती, आणि एक मोठा मुशीचा, म्हणजे शार्कचा, जबडा. वनस्पतिशास्त्रवाल्यांनी आवारातल्या झाडांना क्यूआर कोड चिकटवून दोन दिवसांत सुटका करून घेतली. बैठकीत माझी पाळी आली तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं, की मी कॉम्प्युटरवर जिवंत प्राणी तयार करून त्यांची उत्क्रांती दाखवीन. प्राचार्य "उत्तम" म्हणाले आणि त्यांनी ते लिहून घेतलं. त्यांनी लिहून घेतलेली गोष्ट मागे घेता येत नाही.

मला प्रोग्रॅमिंग येत नव्हतं. मे महिन्याच्या सुट्टीत बोईसरच्या आमच्या फ्लॅटमध्ये बसून मी व्हिडिओ बघून शिकले. प्राणी कोणता घ्यायचा हा प्रश्न नव्हता. मी दातिवऱ्याची, मच्छीमाराची मुलगी. मी पापलेटं घेतली. पडद्यावर ती नुसत्या त्रिकोणांसारखी दिसायची, पण मी त्यांना पापलेटं म्हणत होते. प्रत्येक माशाजवळ दोन आकडे ठेवले. एक, किती मोठं व्हायचं. दुसरा, कितव्या महिन्यात अंडी घालायची. पिल्लाला आईचे आकडे मिळायचे, पण किंचित चुकून. उत्क्रांतीला एवढं पुरतं. थोडी नक्कल, थोडी चूक, आणि मरण.

पहिल्या खेपेला सगळे मासे पाच सेकंदांत मेले, कारण मी समुद्रात खाद्य घालायचंच विसरले होते. दुसऱ्या खेपेला त्यांना इतकी पिल्लं झाली की लॅपटॉप तापून बंद पडला. मग मी खाद्य भरपूर ठेवलं आणि पोहायला ताकद लागेल असा नियम केला. संध्याकाळपर्यंत माझ्या पापलेटांनी पोहणंच सोडून दिलं होतं. जिथे जन्मली तिथेच तोंड उघडून बसायची, आणि तरतरीत होती. माझा नवरा तारापूरच्या एका कारखान्यात मीटर-व्हॉल्व्ह बघतो. ड्युटीवरून आल्यावर त्याने पडद्याकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाला, यांना आमच्याकडे पहिल्याच वर्षी कायम केलं असतं.

हळूहळू जमलं. मासे पोहू लागले, खाऊ लागले, ठरावीक संख्येच्या आसपास राहू लागले. मग मी समुद्रात जाळं सोडलं. जाळ्याचा नियम साधा होता. ठरावीक मापापेक्षा मोठा मासा अडकेल, लहान निसटेल. दीडशेएक पिढ्या गेल्या आणि माझ्या डोळ्यांसमोर पापलेटं बारीक होत गेली. जी मोठी होत ती अंडी घालायच्या आधीच पकडली जात. जी लहानपणीच अंडी घालून मोकळी होत त्यांची प्रजा वाढे. मी कोणालाही लहान व्हायला सांगितलं नव्हतं. चौदा वर्षं जे शिकवत होते ते खरं निघालं, याचं मला इतकं आश्चर्य वाटलं की मी नवऱ्याला आंघोळीतून हाक मारून बोलावलं. तो टॉवेल गुंडाळून आला, बघितलं आणि म्हणाला, "मासे लहान झाले. मग? काल बाजारातून आणलेले कसे होते?"

आदल्या दिवशी मी बोईसरच्या बाजारातून तळहाताएवढी पापलेटं आणली होती, आणि घासाघीस करून मिळाली म्हणून खूश होते.

जूनमध्ये बाबा आमच्याकडे आले. बोईसरच्या एका दवाखान्यात त्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं होतं. आई गावीच राहिली, कोंबड्या सोडून येणं तिला जमत नव्हतं. बाबांनी चाळीसेक वर्षं मासेमारी केली. आता होडी विकली आहे, पण जूनमध्ये मासेमारीला बंदीच असते, त्यामुळे आपण नुसते सुट्टीवर आहोत असं ते स्वतःला सांगत. डॉक्टरांनी काळा चष्मा दिला आणि पंधरा दिवस टीव्ही, मोबाइल बघायचा नाही म्हणून बजावलं. लॅपटॉपचं नाव डॉक्टरांनी घेतलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी बाबा खुर्ची ओढून माझ्या शेजारी येऊन बसले.

कॉलेजात सगळ्यांना अहोजाहो करणारी मी घरी बाबांना तूच म्हणते. पण त्या दुपारी मी त्यांना जे समजावून सांगितलं ते वर्गातल्या आवाजात. आकडे, पिढ्या, जाळं. काळ्या चष्म्याआडून ते कुठे बघत होते ते कळत नव्हतं. माझं संपल्यावर त्यांनी विचारलं,

"जालं कोणाचं हाय?"

मी म्हटलं, कोणाचं नाही, नुसतं जाळं आहे.

"असं जालं नसतं," बाबा म्हणाले. "जाल्याला माणूस असतो. मासा बारीक झाला तं तो माणूस काय बघत बसंल? आस बारीक करंल ना."

आस म्हणजे जाळ्याच्या एका चौकोनाची रुंदी. आमच्याकडे ती बोटांनी मोजतात. माझ्या प्रोग्रॅममध्ये ती कायमची ठरलेली होती, कारण मी ज्या पुस्तकांवरून शिकले त्यांत मासे बदलत होते आणि माणसं बदलत नव्हती. अठ्ठावीस वर्षं मच्छीमाराच्या घरात काढलेल्या बाईच्या हे लक्षात यायला हवं होतं. ते बाबांनी बोलून दाखवलं नाही.

तेव्हापासून ते माझे मार्गदर्शक झाले. माझ्या पीएचडीच्या मार्गदर्शकांपेक्षा त्यांना वेळ जास्त होता. त्यांच्या सांगण्यावरून मी समुद्रात वीस होड्या घातल्या आणि प्रत्येकीला तिची स्वतःची आस दिली. होड्यांना पिल्लं होत नाहीत, मग आस पुढे कशी जाईल, असं मी विचारलं. बाबांना हा प्रश्न समजायलाच वेळ लागला. बंदर एकच असतं, ते म्हणाले, संध्याकाळी कोणाच्या पाट्या किती भरल्या ते सगळं गाव बघतं, पुढच्या हंगामाला सगळे त्याच्यासारखं जाळं आणतात. मी तसाच नियम लिहिला. ज्याला जास्त मिळालं त्याची नक्कल, किंचित चुकून.

मग आम्ही दोघांनी बघितलं. पहिले काही हंगाम काही झालं नाही. मग कुठल्याशा एका होडीची आस चुकून थोडी बारीक झाली. तिला जास्त मासे मिळाले. पुढच्या हंगामात तशा तीन होड्या, मग नऊ, मग वीस. मासे लहान होत गेले, आस त्यांच्या मागे बारीक होत गेली, आणि चाळिसाव्या हंगामाच्या आसपास समुद्र निळा आणि मोकळा झाला. वीस होड्या त्यात फिरत राहिल्या. माझं कुठेतरी चुकलं असणार असं वाटून मी प्रोग्रॅम पुन्हा चालवला. तेच. आकडे बदलले, मासे दुप्पट केले, तेव्हा तीस हंगाम जास्त लागले. बाबांना यात काहीच नवल वाटत नव्हतं. ते मधूनच उठून चहा ठेवून यायचे आणि येऊन विचारायचे, "संपले काय?"

मला संपवायचं नव्हतं. समितीसमोर काय दाखवू, हाही प्रश्न होता. मग मी एक प्रामाणिक होडी घातली, जी काही झालं तरी आस मोठीच ठेवील. तिला पुरेसे मासे मिळेनात. शेवटी ती रिकामीच परत येऊ लागली आणि तिची नक्कल कोणी केली नाही. मी पाच प्रामाणिक होड्या घातल्या. त्यांनी सोडलेले मासे बाकीच्या पंधरांनी पकडले, आणि समुद्र जवळजवळ त्याच हंगामात रिकामा झाला.

"ही पहिली कोण?" बाबांनी एकदा विचारलं. आस पहिल्यांदा बारीक करणारी होडी मी लाल रंगाने दाखवत असे. मी म्हटलं, कोणी नाही, दर वेळी वेगळी असते.

"गावात मी होतो," बाबा म्हणाले.

मग त्यांनी मला सांगितलं. मी बारावीला होते त्या वर्षी मासळी कमी पडली होती आणि मला पुढे शिकायचं होतं. बाबा कोणाला न सांगता जाऊन बारीक आसेचं जाळं घेऊन आले. गावाच्या बैठकीत त्यांना बोलणी बसली. पाचसहा बुजुर्गांनी तोंडावर सांगितलं, की पिल्लं मारतोस, पुढे खाशील काय. त्यांनी मान खाली घालून ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी तेच जाळं घेऊन निघाले. पुढच्या हंगामात तीन घरांत तसलं जाळं आलं. त्याच्या पुढच्या हंगामात बोलणी देणाऱ्यांच्या घरीही आलं. बाबा हे सगळं पडद्याकडे बघत, हवामान सांगावं तसं सांगत होते.

ते जाळं मला आठवत होतं. हिरवं होतं आणि अंगणात वाळत घातलं की त्याच्यातून पलीकडचं दिसायचं नाही. नाण्याएवढी पापलेटं आमच्याकडे वाळूवर पडलेली असायची, तीही आठवत होती. त्याच जाळ्यावर मी पालघरला आणि पुढे मुंबईला शिकले. एम.एस्सी.ला मी किनाऱ्यावरच्या घटत्या मासळीवर एक निबंध लिहिला होता आणि त्यात "काही मच्छीमारांच्या लोभामुळे" असं एक वाक्य होतं. त्या निबंधाचं सगळ्या वर्गासमोर कौतुक झालं होतं. घरी येऊन मी तो बाबांना वाचून दाखवला होता, आणि ते तेव्हाही "चांगलं लिवलंस" म्हणाले होते.

मी प्रोग्रॅम थांबवायला हात पुढे केला.

"थांबवू नको," बाबा म्हणाले. "शेवटपरेंत जाऊ दे."

दोन दिवस लॅपटॉप बंदच राहिला. मी मासे शिजवले, त्यांनी खाल्ले, नवऱ्याने विचारलं की आज समुद्र बंद का. तिसऱ्या दिवशी सकाळी बाबाच येऊन बसले आणि म्हणाले, की तुझ्या होड्या रोज जातात, हे खोटं आहे. रोज कोण जातं? हळद असली की गाव जात नाही. कोणी वारलं की जात नाही. होळीला पाच दिवस कोणी पाण्याकडे बघत नाही. गणपतीत नाही. वारा लागला तर नाही. मी म्हटलं, इंजिन बिघडलं तर? तर तो एकटाच जात नाही, बाकीचे जातात, त्याने काही होत नाही. सगळ्यांनी एकदम घरी बसायला पाहिजे.

मी ते तसंच लिहिलं. अधूनमधून, कोणाला विचारल्याशिवाय, सगळ्या गावाला सुट्टी. थोड्या सुट्ट्यांनी काही फरक पडला नाही. मी लग्नं वाढवली. बाबांनी एकदोन भांडणं घालायला सांगितली, ज्यात गावातले दोन्ही पाडे आठवडाभर किनाऱ्यावर उतरत नाहीत. मी तीही घातली. साठ हंगाम झाले, ऐंशी झाले, समुद्रात मासे होते. लहान होते, पण होते. एकट्या होडीला आळस दिला तर तो टिकत नव्हता, आळशाची नक्कल कोणी करत नाही. पण हळदीला नाही म्हणता येत नाही, आणि तिथे चलाखी करून पुढे जाता येत नाही. माझ्या सगळ्या शिक्षणातून निघालेला हा पहिला स्वतंत्र निष्कर्ष होता, आणि तो असा होता, की समुद्र वाचवायचा तर गावात लग्नं भरपूर झाली पाहिजेत.

बाबा ऑपरेशननंतर सतरा दिवसांनी परत गेले. मी कॉलेजात रंगीत तालीम ठेवली. प्राचार्यांना मासे आवडले, पण ते बारीक का होतात हे त्यांना आवडलं नाही. समुद्र रिकामा झाला तेव्हा ते अस्वस्थ झाले. समितीसमोर असा शेवट नको, सकारात्मक काहीतरी हवं, असं त्यांनी सुचवलं. मी त्यांना सुट्ट्यांचा प्रयोग दाखवला. तो त्यांनी जास्त वेळ पाहिला.

"म्हणजे सुट्ट्या वाढवल्या की भलं होतं, असा संदेश जातो," ते म्हणाले. "मॅडम, आपल्या स्टाफच्या रजांचं रजिस्टर समिती त्याच दिवशी बघणार आहे."

शेवटी असं ठरलं, की समितीसमोर फक्त पहिले दहा हंगाम दाखवायचे, ज्यात सगळं ठीक असतं.

समितीत तिघे होते. ते आमच्या प्रयोगशाळेत सात-आठ मिनिटं थांबले. अध्यक्षांनी पडद्याकडे बघून विचारलं, हे कुठून डाउनलोड केलं? मी म्हटलं, मी लिहिलंय. त्यांनी मान हलवली आणि मुशीच्या जबड्याकडे वळले. तिघांनी जबड्याबरोबर फोटो काढून घेतले. नंतर आलेल्या अहवालात आमच्या विभागाबद्दल दोन ओळी होत्या. एका ओळीत बाटल्यांवरची लेबलं बदलण्याची सूचना होती. दुसरीत "आभासी मत्स्यालय हा स्तुत्य उपक्रम" असं म्हटलं होतं. प्राचार्यांनी ती ओळ फलकावर लावली.

बाबांनी मात्र गावात सांगून ठेवलं होतं, की पोरीने कॉम्प्युटरात आपलं बंदर घातलंय. त्यामुळे सप्टेंबरमधल्या एका रविवारी, वारा होता आणि होड्या ओढून ठेवल्या होत्या म्हणून, मी नवऱ्याला घेऊन दातिवऱ्याला गेले. दुपारी आमच्या ओटीवर पंधरा-वीस जण जमले. मी लॅपटॉप स्टुलावर ठेवला आणि पुन्हा वर्गातला आवाज काढला, पण तो पाचव्या मिनिटाला बुडाला. प्रत्येकाने पडद्यावरची एकेक होडी आपली म्हणून वाटून घेतली होती. ज्याच्या होडीला मासे मिळत त्याला शाबासकी मिळत होती. समुद्र रिकामा होताना कोणाचं लक्षच नव्हतं, कारण त्या वेळी दोन होड्यांत चुरस लागली होती. संपल्यावर सगळे बोलू लागले. बाहेरचे मोठे ट्रॉलर ह्यात का नाहीत? कारखान्यांचं पाणी का नाही? हे विचारताना सगळ्यांनी माझ्या नवऱ्याकडे पाहिलं. तो बशीतल्या चहात काहीतरी शोधत होता. मी म्हटलं, खरं आहे, तेही घालते. मला ते बरोबरच वाटत होतं, आणि त्याचबरोबर हेही दिसत होतं, की जे घातलेलं आहे त्याच्याबद्दल कोणी बोलत नाही.

तेव्हा बाबा बोलले. ते खांबाला टेकून उभे होते. म्हणाले, बाकीचं सोडा, आपल्याकडे बारीक जाळं पहिलं मी आणलं, हे तुमाला सगळ्यांना ठाऊक हाय, मी आज परत सांगतो.

हे बोलायला त्यांना वीसहून जास्त वर्षं लागली होती आणि त्यांचा आवाज नीट नव्हता. आई दारात येऊन उभी राहिली. मला वाटलं आता कोणीतरी उठून त्यांचा हात धरील.

शेजारच्या घरातले काका कोपऱ्यात बसले होते, बाबांच्याच वयाचे. गावाच्या त्या बैठकीत सगळ्यात जास्त बोलणी त्यांनीच दिली होती. ते तंबाखू मळता मळता म्हणाले,

"त्यात काय एवढं? तू नसतं आणलंस तं मी आणणारच होतो. मी ऑर्डर दिली होती."

लोक हसले. कोणी म्हणालं, मी पण विचारून ठेवलं होतं. अजून एकाने मेहुण्याला निरोप दिला होता. त्या हंगामात निम्मं गाव बारीक जाळ्याच्या मागे होतं असं निघालं, आणि बाबा फक्त आठवडाभर आधी पोचले होते. मग चर्चा डिझेलवर गेली.

सगळे गेल्यावर बाबा जेवले नाहीत. आई म्हणाली, वार्‍याने डोकं दुखत असेल. कारण मला ठाऊक आहे असं मला वाटत होतं. मी जवळ बसून त्यांना सांगायला गेले, की माझ्या प्रोग्रॅममध्येही तसंच होतं, लाल होडी दर वेळी वेगळी असते आणि समुद्र रिकामा व्हायचा तेव्हाच होतो, म्हणजे तुझा त्यात दोष असा वेगळा काढता येत नाही. मला वाटलं होतं त्यांना यातून मोकळं वाटेल. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी त्यांच्या घरातली काहीतरी वस्तू उचलून शेजाऱ्याला देऊन आले होते.

"तो खोटं बोलतोय," काकांच्या घराकडे बघत एवढंच ते म्हणाले.

सकाळी मी उठले तेव्हा बाबा घरात नव्हते. आई म्हणाली, उजाडल्याबरोबर शेजारी गेलाय. अर्ध्या तासाने आले ते झपझप चालत. काकांना त्यांनी विचारलं होतं, की ऑर्डर कोणत्या दुकानात दिली होतीस. काकांनी दुकान सांगितलं. आणि ते दुकान, बाबा म्हणाले, त्यांनी जाळं आणलं त्याच्या दोन वर्षांनी उघडलं. त्याच्या उद्घाटनाचे पेढे दोघांनी एकत्र खाल्ले होते.

काकांनी मग मान्य केलं, की काल उगाच बोलून गेलो, तुझा चेहरा बघवेना.

"म्हंजे पहिला मीच," बाबा आईला म्हणाले, आणि पाटावर बसून त्यांनी तीन भाकऱ्या खाल्ल्या.